नायटा मलमाने जातो आणि पुन्हा तिथेच उगवतो, नेमकं काय चुकतंय?

उंबरठा

जांघेत आणि कमरेच्या पट्ट्याखाली नायटा आहे. गोलसर चट्टे, कड लालसर आणि किंचित उचललेली, मधला भाग बरा झाल्यासारखा तपकिरी. औषधाच्या दुकानातून आणलेलं मलम लावलं की तिसऱ्या दिवशी खाज थांबते, आठ-दहा दिवसांत लाली जाते. मलम बंद केलं की दोन आठवड्यांत तोच चट्टा पहिल्यापेक्षा मोठा होऊन हजर. चार महिन्यांत हे पाच वेळा झालंय. वय ४२, रक्तातली साखर तपासली आहे, ती व्यवस्थित आहे. आता घरात आणखी दोघांना खाज सुरू झाली आहे.

मलमाची शरीराला सवय होते का? गोळ्या घ्याव्यात का, आणि किती दिवस? कपडे उकळावेच लागतात का? औषधी साबणाने फरक पडतो का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

औषधपेटी

सगळ्यात आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांतलं एक जरी नाव दिसलं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. ही सगळी स्टेरॉइडं. बुरशीविरोधी औषध, जंतुनाशक आणि स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये घातलेली मिश्रणं सर्रास वापरली जातात आणि साधा नायटा चिवट होतो तो बहुतेक वेळा त्यांच्यामुळे.

असं का होतं बघा. नायट्याची बुरशी त्वचेच्या अगदी वरच्या, मृत थरात राहते आणि तिथल्या केराटिन या प्रथिनावर जगते. आपल्याला दिसणारी लाली, खाज, उचललेली कड ही शरीराने तिच्याविरुद्ध चालवलेल्या लढाईची खूण असते. स्टेरॉइड ती लढाईच बंद पाडतं. म्हणून तीन दिवसांत बरं वाटतं. मिश्रणात बुरशीविरोधी औषधही असतं हे खरं, पण त्याला काम करायला काही आठवडे लागतात आणि माणूस आठ दिवसांत बरं वाटलं म्हणून ट्यूब बाजूला ठेवतो. तुमचा नायटा परत येत नाहीये, तो गेलेलाच नव्हता. त्यामुळे सवय लागण्याचा इथे संबंध नाही.

दुसरं नुकसान जांघेत जास्त होतं. तिथली त्वचा पातळ आणि घडीत दबलेली, त्यामुळे स्टेरॉइड भरपूर मुरतं. काही आठवड्यांत त्वचा कागदासारखी होते, जांभळट किंवा पांढरट ताणाचे व्रण उठतात. हे व्रण फिके पडतात, पण पूर्ण जात नाहीत.

आता करायचं काय? मिश्रणाची ट्यूब आजच बंद. बंद केल्यावर आठ-पंधरा दिवस लाली आणि खाज वाढेल, कारण दाबून ठेवलेली लढाई पुन्हा सुरू होते. इथेच बहुतेक जण घाबरून जुनी ट्यूब उचलतात. उचलू नका. रात्री खाजेने झोप लागत नसेल तर सेटिरिझिन १० मिलिग्रॅमसारखी गोळी मदत करते (झोप येते, गाडी चालवायची असेल तर जपून).

मलम एकाच औषधाचं घ्या. क्लोट्रिमॅझोल १ टक्का असेल तर दिवसातून दोनदा, साधारण चार आठवडे. टर्बिनाफिन १ टक्का किंवा ल्युलिकोनॅझोल १ टक्का यांच्या वेष्टनावर एक-दोन आठवडे लिहिलेलं असतं, पण तो हिशेब ताज्या, छोट्या चट्ट्याचा आहे. स्टेरॉइड लावून बिघडलेल्या चट्ट्याला तेवढ्यात भागत नाही. चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे लावत राहायचं.

किती लावायचं यात जवळजवळ सगळे चुकतात. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. एवढ्यात बोटांसकट दोन तळहातांइतकी जागा भागते. तुमचे चट्टे मिळून चार तळहात भरत असतील तर एका वेळेला १ ग्रॅम, दिवसाला २ ग्रॅम, चार आठवड्यांना ५६ ग्रॅम. म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब जेमतेम आठवडाभर. ती महिनाभर पुरत असेल तर औषध पोचतच नाहीये.

लावताना चट्ट्याच्या कडेबाहेर २ सेंटिमीटर चांगल्या दिसणाऱ्या त्वचेपासून सुरू करा आणि आत या. बुरशी कडेपाशी सर्वांत जोरात असते आणि दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. मध्यभागी मलम थापून कड कोरडी ठेवली तर चक्र मोठं होत जातं. अंघोळीनंतर जागा टिपून कोरडी करा, दहा मिनिटं हवा लागू द्या, मग मलम. ओल्या घडीत मलम लावलं की त्वचा भिजून पांढरी पडते आणि सोलते. वर पावडर टाकू नका, मलमाचे गोळे होतात आणि तेच घासतात.

काचपट्टी

वरचं सगळं बरोबर, पण एक पायरी राहिली. चार महिने स्टेरॉइड लावलेली जागा नुसती बघून ओळखता येत नाही. कड पुसट होते, खपली जाते, मध्येच पुरळ उठतात. याला टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात, म्हणजे वेष पालटलेला नायटा. त्यामुळे पुन्हा उपचार सुरू करण्याआधी खरवडून तपासणी करून घ्या. स्वस्त, पटकन होणारी आणि न दुखणारी तपासणी आहे.

नमुना कडेवरून घ्यायचा, मधून नाही. स्पिरिटने पुसून मलमाचा थर काढतात, बोथट पात्याने किंवा काचपट्टीच्या कडेने कोंडा खरवडतात, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून वर आच्छादन काच ठेवतात आणि दहा-वीस मिनिटं थांबतात. क्षारात त्वचेच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात, बुरशीची भिंत टिकते. सूक्ष्मदर्शकाखाली फरशीसारख्या मांडलेल्या पेशी आणि त्यांतून आरपार गेलेले, फांद्या फुटलेले, आडव्या पडद्यांचे धागे दिसले की निदान झालं. फसगत होते ती पेशींच्या सीमारेषांनी. त्या रेषाही धाग्यासारख्या दिसतात, पण त्या पेशीच्या कडेकडेने वळतात. खरा धागा मात्र सीमा न जुमानता पेशीवरून जातो. घाईत बघणाऱ्याला हा फरक सुटतो.

बुरशीविरोधी मलम चालू असताना नमुना दिला तर बुरशी असूनही अहवाल 'नाही' येऊ शकतो. शक्य असेल तर एक-दोन आठवडे ते मलम थांबवून द्या. आणि 'नाही' आलं म्हणजे नाहीच, असंही धरू नका. लक्षणं जुळत असतील तर पुन्हा खरवडावं. संवर्धनाला, म्हणजे बुरशी वाढवून बघायला, तीन-चार आठवडे लागतात. प्रत्येकाला त्याची गरज नसते, पण गोळ्यांनाही दाद न देणाऱ्या नायट्यात ते करावं.

जांघेतली सगळी खाज नायट्याची नसते. लाल, ओलसर पट्टा, आजूबाजूला विखुरलेल्या बारीक पुळ्या आणि वृषणाची त्वचाही लाल असेल तर कँडिडा या वेगळ्या जातीच्या बुरशीचा संशय घ्यावा; नायटा बहुधा वृषण सोडतो. तपकिरी, सपाट, फारशी खाज नसलेला डाग वूड्स दिव्याखाली (डॉक्टरांकडचा अतिनील प्रकाशाचा दिवा) प्रवाळासारखा लाल चमकला तर तो एरिथ्रॅझ्मा, म्हणजे जिवाणूचं काम, त्याला औषध वेगळं. घडीतला सोरायसिस गुळगुळीत, चकचकीत लाल असतो. गोल चक्र आहे पण कोंडा अजिबात नाही, तर ग्रॅन्युलोमा ॲन्युलेअर हा बुरशीशी संबंध नसलेला त्वचारोगही असू शकतो. आणि फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श किंवा गरम-गार कळत नसेल तर मलम लावत बसू नका, कुष्ठरोगासाठी तपासून घ्या. नायट्यात स्पर्श शाबूत असतो.

उंबरठा

दोघांचेही आभार. ट्यूबवर क्लोबेटासॉल आहे. एकाच वेळी चार औषधं लिहिलेली आहेत. आजच बंद करतो.

आणखी एक, घरातल्या ज्येष्ठांच्या पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं आणि जाड झालंय, बोटांच्या बेचक्यात चिखल्याही आहेत. त्याचा याच्याशी संबंध असेल का?

पाऊलखूण

असू शकतो, आणि तिथेच बुरशीचा कायमचा साठा असतो. पावलं आणि नखं यांतली बुरशी वर्षानुवर्षं गप्प बसते, खाजही नसते, त्यामुळे तिच्याकडे कोणी बघत नाही. जांघेतला नायटा पुन्हापुन्हा होणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचेही पाय बघावेत. चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या बेचक्यात पांढरी, भिजलेली, सोलणारी त्वचा, किंवा तळव्यावर पिठासारखा कोरडा कोंडा जो 'पाय फुटलेत' म्हणून सोडून दिला जातो. दोन्ही पाय आणि एकच हात असा कोंडा असेल तर बुरशीचा संशय पक्का धरा.

पायाची बुरशी जांघेत जाते कशी? चड्डी चढवताना. ती पायातून वर सरकते आणि बेचक्यातला कोंडा सोबत नेते. म्हणून पाय बरे होईपर्यंत आधी मोजे, मग चड्डी. पाय पुसायचा कपडाही वेगळा, आणि अंग पुसून झाल्यावर शेवटी पाय.

चिखल्यांना टर्बिनाफिन मलम एक-दोन आठवडे किंवा क्लोट्रिमॅझोल चार आठवडे, बेचक्यात पातळ थर. त्याआधी बेचकं पूर्ण कोरडं. वास येत असेल, हिरवट किंवा पिवळा स्राव असेल, तर जिवाणूंचीही भर पडली आहे, डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असलेल्यांनी चिखल्या कधीही हलक्यात घेऊ नयेत. त्या भेगेतून जिवाणू शिरून पूर्ण पाय सुजतो, ताप येतो.

नखाचं गणित वेगळं. मलम नखातून पार जात नाही. थोडंच नख खराब असेल आणि मुळाशी पोचलेलं नसेल तर अमोरोल्फिन ५ टक्के लाखेसारखं लावतात, आठवड्यातून एकदा, नख कानसून, बरेच महिने. जास्त असेल तर टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज, हाताच्या नखांना ६ आठवडे, पायाच्या नखांना १२ आठवडे. गोळ्या संपल्यावर नख लगेच चांगलं दिसणार नाही. पायाचं नख महिन्याला दीडेक मिलिमीटर वाढतं, अंगठ्याचं पूर्ण नवं यायला वर्ष ते दीड वर्ष. मुळाशी स्वच्छ पट्टी पुढे सरकतेय का एवढंच बघायचं. मात्र प्रत्येक जाड नख बुरशीचं नसतं; म्हातारपण, बुटाचा दाब, सोरायसिस यांनीही नख जाड होतं. तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याआधी नखाचा तुकडा तपासलाच पाहिजे, विशेषतः ज्येष्ठांना, कारण त्यांची इतर औषधं चालू असतात.

चौकट

गोळ्यांबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. चट्टे बरेच असतील, दोन-तीन ठिकाणी असतील, स्टेरॉइड लावून पसरले असतील किंवा केसांच्या मुळांशी पुळ्या आल्या असतील तर नुसत्या मलमाने भागत नाही, कारण मलम मुळाच्या खोलीत पोचत नाही. तुमचं वर्णन या गटात बसतं. गोळी त्वचारोगतज्ज्ञाने ठरवावी, पण माहिती असलेली बरी.

टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक, अंगावरच्या नायट्याला साधारण दोन ते चार आठवडे हा नेहमीचा हिशेब. ते बुरशीचं स्क्वालीन इपॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) अडवतं, त्यामुळे तिच्या पेशीचं आवरण बनत नाही. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाच्या बुरशीत (हे नाव २०२० मधलं) याच विकराच्या जनुकात बदल झालेले सापडतात आणि मग टर्बिनाफिन नीट घेऊनही चट्टे हलत नाहीत. अशा वेळी 'अजून महिनाभर तेच घ्या' म्हणण्यात अर्थ नसतो. चार आठवड्यांत कडेला ढिम्म फरक नसेल तर संवर्धन करून औषध बदलावं लागतं, बहुधा इट्राकोनॅझोलकडे, आणि कालावधीही वाढतो.

इट्राकोनॅझोलची कॅप्सूल घ्यायची पद्धत चुकली की औषध वाया जातं. ती विरघळायला पोटात आम्ल लागतं, म्हणून पोटभर जेवणानंतर लगेच. उपाशीपोटी घेतली तर रक्तात पुरेशी उतरत नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. 'गोळीने गुण आला नाही' या तक्रारीमागे कित्येकदा हेच असतं. हृदय कमजोर असलेल्यांना ती देत नाहीत, आणि कोलेस्टेरॉलच्या सिम्वास्टॅटिनसारख्या गोळ्यांबरोबर चालत नाही. टर्बिनाफिनला यकृताचा इतिहास विचारायला हवा. घेताना चव जाणं, डोळे किंवा लघवी पिवळी होणं, भूक मरणं असं काही झालं तर गोळी थांबवून दाखवा. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधी सांगा, तिथे मलमांवरच भर ठेवतात.

किटोकोनॅझोलची पोटातून घ्यायची गोळी नायट्यासाठी घेऊ नका, यकृताला धोका आहे. त्याच नावाचा शॅम्पू आणि मलम मात्र चालतं. खाजेसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळी कोणी सुचवली तर नाही म्हणा, मलमात जे घडलं तेच पूर्ण अंगावर घडेल.

गोळ्या चालू असतानाही मलम लावायचंच. गोळी आतून, मलम बाहेरून. त्वचेचा वरचा थर साधारण महिन्याभरात बदलतो, तो पूर्ण झडून नवा, बुरशी नसलेला थर वर यायला हवा. दहा दिवसांच्या उपचारात हे जमत नाही.

स्वच्छ_दोरी

कपड्यांचं कोणीच सविस्तर सांगितलं नाही आणि अर्धी लढाई तिथे आहे. झडलेल्या कोंड्यात बुरशीचे बीजाणू असतात आणि ते कपड्यात, टॉवेलमध्ये, अंथरुणात महिनोन्महिने टिकतात. थंड किंवा कोमट पाण्याच्या धुण्याने ते मरत नाहीत, उलट एकाचे दुसऱ्याच्या कपड्यावर जातात. म्हणून बाधित माणसाचे आतले कपडे, मोजे, टॉवेल, चादर वेगळ्या धुवा, ६० अंश सेल्सिअसवर. यंत्र नसेल तर साबण घातलेल्या कडक गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि मग धुवा. उकळायलाच हवेत असं नाही. धुतल्यावर उलटे करून कडक उन्हात, पूर्ण सुकेपर्यंत. शिवणी आणि इलॅस्टिकचा पट्टा शेवटी सुकतो आणि कोंडा तिथेच अडकतो, त्यामुळे इस्त्री फिरवायची तर आतल्या बाजूने शिवणींवर फिरवा. दमट घातलेला कपडा हे पुन्हा नायटा होण्याचं सगळ्यात सोपं कारण.

टॉवेल आणि आतले कपडे रोज बदला, घाम आला तर दोनदा. चादर-उशीचे अभ्रे आठवड्यातून दोनदा. कमरेचा चामड्याचा पट्टा धुता येत नाही, पण तो थेट त्वचेला लागू देऊ नका. जांघेत सैल, सुती चड्डी. घट्ट जीन्स आणि नायलॉनचे चिकटून बसणारे कपडे चार-सहा आठवडे बाजूला. बूट दोन जोड असावेत, एक घातला की दुसरा चोवीस तास उघडा सुकू द्यावा.

घरात दोघांना खाज आहे म्हणता, त्यांनाही त्याच आठवड्यात दाखवा. एकाचा उपचार आज, दुसऱ्याचा पुढच्या महिन्यात, असं केलं की बुरशी घरातल्या घरात फिरत राहते. मांजर किंवा कुत्रा असेल आणि त्याच्या अंगावर केस गळलेले गोल ठिपके असतील तर पशुवैद्याकडे न्या.

औषधी साबणाचं विचारलंय: गरज नाही. उग्र साबण त्वचा कोरडी करतो, भेगा पडतात आणि बुरशीला वाट मिळते. साधा सौम्य साबण पुरे. लसूण, लिंबू, व्हिनेगर, ब्लीच, रॉकेल यांतलं काहीही जांघेत लावू नका. त्वचा भाजते, आणि भाजलेल्या त्वचेवर नंतर मलमही झोंबतं.

निळीशाई

मध्येच विचारते. छाती आणि पाठीवर फिकट, बारीक कोंडा असलेले ठिपके, ज्याला शिबं म्हणतात, तेही याच औषधाने जातात का? आणि लहान मुलाच्या डोक्यात केस गळून गोल चकती पडली आहे, तिथे हेच मलम चालेल?

काचपट्टी

शिबं वेगळं. ते मॅलासेझिया नावाच्या यीस्टमुळे, म्हणजे एकपेशी बुरशीमुळे होतं. ती सगळ्यांच्याच त्वचेवर असते आणि उष्णता-घामात वाढते, त्यामुळे शिबं एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. नखाने हलकं खरवडलं की बारीक कोंडा सुटतो. किटोकोनॅझोल २ टक्के शॅम्पू ओल्या अंगावर मानेपासून कमरेपर्यंत लावून पाच मिनिटांनी धुवायचा, रोज, पाच दिवस. टर्बिनाफिनच्या गोळ्या इथे काम करत नाहीत, कारण ते औषध घामावाटे पुरेसं वर येत नाही. यीस्ट मेल्यावरही फिकटपणा काही महिने राहतो; कोंडा सुटत नसेल तर पुन्हा औषध लावायची गरज नाही.

मुलाच्या डोक्याला मलम उपयोगाचं नाही, बुरशी केसाच्या आत असते. पोटातून औषध लागतं, ग्रिसिओफुल्विन किंवा टर्बिनाफिन, वजनाप्रमाणे, काही आठवडे. कोणतं, ते बुरशीच्या जातीवर ठरतं, म्हणून तुटलेले केस आणि कोंडा तपासायला द्या. सोबत आठवड्यातून दोनदा किटोकोनॅझोल शॅम्पू, म्हणजे बीजाणू कमी झडतील. कंगवा, टोपी, उशी वेगळी. चकतीच्या जागी मऊ, पू भरल्यासारखी सूज आली तर ती गळू समजून चिरू देऊ नका. त्याला केरिऑन म्हणतात आणि ते औषधानेच बसतं. उशीर झाला तर तिथले केस कायमचे जातात, तेव्हा याच आठवड्यात दाखवा.

उंबरठा

शेवटची शंका. उपचार कधी थांबवायचा हे कसं ओळखायचं? काळे डाग तर राहतातच.

औषधपेटी

डागावर जाऊ नका. नायटा बरा झाल्यावर तपकिरी-काळा डाग महिनोन्महिने राहतो, त्यात बुरशी नसते. तो घालवायला म्हणून लोक पुन्हा स्टेरॉइडचं मलम आणतात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

तीन गोष्टी बघा. दिवसा चांगल्या उजेडात कडेवरून बोट फिरवा, उंचवटा लागतो का? नखाने हलकं खरवडा, कोंडा सुटतो का? रात्री घाम आल्यावर तिथे खाज येते का? तिन्हींचं उत्तर 'नाही' आलं की तो दिवस कॅलेंडरवर लिहा आणि तिथून पुढे दोन आठवडे मलम चालू ठेवा. गोळ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेपर्यंत. त्यानंतर महिनाभर आठवड्यातून एकदा जांघ, कमर, काख आणि पायांची बेचकी आरशात बघा. नाण्याएवढा नवा चट्टा दिसला तर तो चार महिन्यांनी दिसलेल्यापेक्षा कितीतरी लवकर जातो.